फाट्यापासून पाड्यापर्यंतचं चिलखत

२४ फेब्रुवारी, सोमवार

काल संध्याकाळी कामावरून येताना आमच्या पाड्यातल्या ठमीची पोत ओढली. फाट्यावर रिक्षातून उतरून ती कच्च्या रस्त्याने एकटीच पाड्याकडे येत होती. मागून मोटरसायकलवर दोघे आले आणि मागे बसलेल्याने गळ्याला हात घातला. पोत खोटी होती, पण मानेवरचा वळ खरा आहे. तिच्या नवऱ्याने पोलिसांत तक्रार दिली.

रविना, म्हणजे माझी बायको, रोज त्याच रस्त्याने येते. कल्याणच्या कपड्यांच्या दुकानातून सुटते, खर्डीला लोकलमधून उतरते, रिक्षाने फाट्यापर्यंत येते आणि पुढे साग आणि करवंदीच्या जाळ्यांमधून चालत. तोवर अंधार पडलेला असतो. आज जेवताना ती म्हणाली, "तू फाट्यावर येत जा ना संध्याकाळचा. नायतर मी आसनगावला आईकडं राहते, सुट्टीला येईन. मला भ्या वाटतं रे."

मी म्हणालो, बघतो. मग बराच वेळ विचार केला आणि लक्षात आलं की हा प्रश्न एका बायकोचा नाही, सगळ्या परिसराचा आहे. फाट्यावर जाऊन नुसतं उभं राहणं हा फार किरकोळ उपाय झाला. इथे एक रक्षक हवा. अंगावर चिलखत असलेला, तोंड झाकलेला, कोण आहे ते कोणालाही न कळणारा. आणि या कामाला शहापूर-मुरबाड दोन्ही तालुक्यांत माझ्याइतका लायक माणूस नाही. मुरबाडला हेल्मेटच्या कंपनीत मी इतकी वर्षं तपासणी खात्यात होतो. उंचावरून हेल्मेट टाकायचं आणि फुटलं का ते बघायचं, संध्याकाळी रिपोर्ट लिहायचा. डिसेंबरात कंपनी बंद झाली. रिपोर्ट लिहायची सवय गेली नाही, म्हणून ही डायरी.

फाट्यावर मी तसाही हल्ली जात नाही. तिथे हरेशची टपरी आहे आणि त्याचा चहा फार गोड असतो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

कामाला सुरुवात. डोकं, छाती, गुडघे आणि मान ही चार ठिकाणं वाचली पाहिजेत. डोक्याची सोय आहे, कंपनीतून येताना नापास झालेली तीन हेल्मेटं मी घेऊन आलो होतो. ती कशात नापास झाली होती ते आता आठवत नाही. छातीसाठी जुना टायर कापून पुढे-मागे दोन तुकडे दोरीने बांधले. गुडघ्यांना मेहुण्याचे क्रिकेटचे पॅड. मानेचं नंतर बघू.

हेल्मेटांतलं चांगलं कोणतं ते ठरवायला छपरावर चढलो आणि तिन्ही खाली टाकली. दोन फुटली. तेवढ्यात लहानी आत्या (माझ्या बापाची बहीण, शेजारीच राहते) अंगणात आली.

"अनंता, चांगली टोपडी फोडतोस कशाला रे?"

"आत्या, कंपनीचं काम हाय. सध्या घरूनच चालू हाय."

पाड्यात मी सगळ्यांना हेच सांगितलं आहे. आत्याने फुटलेलं हेल्मेट उचललं, आत बघितलं, परत ठेवलं. "बरं झालं बाबा," म्हणाली. "मग पगार बी घरीच आणून देतात का?"

आत्याचं वय झालं आहे. तिला नवीन पद्धती कळत नाहीत.

२ मार्च, रविवार

रविना कामावरून आली तेव्हा मी टायर घालून बसलो होतो. खरं तर बसलो नव्हतो, भिंतीला टेकलो होतो, कारण टायर घालून बसता येत नाही. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मला बरं वाटलं. बरेच दिवस ती अशी हसली नव्हती.

मग म्हणाली, "हे घालून फाट्यावर येणार तू?"

"फाट्यावर नाय. मधल्या वळणावर, जाळीत दबा धरून."

"म्हंजी ते मोटरसायकलवाले राहिले बाजूला, तुलाच बघून माझा जीव जायचा." ती हसायची थांबली. "फाट्यावर ये ना अनंता. साधा शर्ट घालून ये."

मी तिला समजावलं की शर्टामुळे कोणतंही संरक्षण मिळत नाही. शर्ट कुठल्याच चाचणीत पास होणार नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भाकऱ्या थापायला गेली.

६ मार्च, गुरुवार

पहिली चाचणी. जागा आमचं मागचं शेत, वेळ दुपारची, कारण तेव्हा तिकडे कोणी नसतं.

चालणं ठीक. पळणं शक्य नाही. हेल्मेटची काच श्वासाने धुरकट होते, त्यामुळे समोरचा चोर आहे की बैल हे कळत नाही. आजचा बैल होता. त्याला चुकवायला गेलो, बांधावरून पाय घसरला आणि उताणा पडलो. टायरचा माल उत्तम आहे, काही लागलं नाही. पण उठता येईना. हात जमिनीला पोचत नव्हते. आभाळाकडे बघत पडून राहिलो आणि मनाशी म्हटलं, चोराने मला नुसतं ढकललं तरी पुढचं काम त्याला निवांत करता येईल.

शेवटी देवराम आला. बैल त्याचाच होता. देवराम आमच्या पाड्यात सांबळ वाजवतो, अंगाने दांडगा आहे. त्याने मला दोरीला धरून उभं केलं.

"कंपनीचं काम," मी म्हणालो.

"कंपनीला कासव पायजे काय?" तो म्हणाला आणि बैल घेऊन गेला.

सुधारणा: पाठीचा टायर काढला. शूर माणसाला पाठ दाखवायची वेळच येत नाही, हे कारण मला नंतर सुचलं.

१२ मार्च, बुधवार

काच काढून टाकली. पण मग तोंड उघडं पडतं, आणि तोंड झाकलेलं असणं ही या पोशाखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. आज रविनाला सुट्टी होती. तिने विचारलं, "तोंड कशाला झाकायचं? तोंडावर काय कोण मारत नाय."

मी गुप्ततेबद्दल बोललो. रक्षक कोण आहे ते कळलं तर शत्रू घरापर्यंत येतो, वगैरे. बराच वेळ बोललो. ती म्हणाली, "शत्रूला आपलं घर कशाला पायजे? तुला फाट्यावर कोणी बघितलेलं चालत नाय, असं बोल ना सरळ."

काहीतरीच. फाट्यावर मला कोणीही बघू दे, माझं काय जातं? मी उगीच चिडलो आणि ओट्यावर जाऊन बसलो. तिथे बसून डोक्यात आलं की कागदाच्या लगद्याचा मुखवटा करावा. हलका, श्वास घेता येतो, आणि हवा तसा भयंकर करता येतो.

१६ मार्च, रविवार

रंग आणायला शहापूरला जावं लागलं, म्हणजे फाट्यावरून जावं लागलं. हरेशने हाक मारली, "काय अनंत्या! वहिनी कामावर आन तू बाजारात? मज्जा हाय बाबा तुझी!"

असल्या गोष्टी मी मनावर घेत नाही. लगेच विसरून जातो. हरेशच्या अंगात निळी बनियन होती. बाकड्यावर सापगावचे दोघे बसले होते, त्यातला डावीकडचा आधी हसला, दुसरा चहा गिळून मग हसला. मी पण हसलो. मग लाल आणि पिवळा रंग घेतला, आणि येताना लांबच्या वाटेने ओढ्यातून आलो. त्या वाटेने मोकळी हवा लागते.

१९ मार्च, बुधवार

मुखवटा झाला. चिंचोक्याची खळ घालून कागदाचे थरावर थर दिले, वर लाल रंग, मोठे पिवळे डोळे, बाहेर आलेले दात. खांदे रुंद दिसावेत म्हणून बांबूच्या कामट्यांची चौकट केली आणि तिला जुन्या साडीचे काठ लावले. हेल्मेटवर कंपनीच्या जाकिटाची चमकणारी पट्टी. आरशात बघितलं आणि मीच दोन पावलं मागे सरलो. चांगली खूण आहे.

शुक्रवारी पहिली गस्त. त्याच दिवशी आमच्या पाड्याचा बोहाडा, म्हणजे देवांच्या सोंगांचा उत्सव, सुरू होतो, पण सोंगं जेवणं झाल्यावर निघतात. संध्याकाळ मोकळीच असते.

२२ मार्च, शनिवार

कालचं लिहायला हवं. लिहायची इच्छा नाही.

आधी बोहाड्याचं. देवांची सोंगं मुखवटे लावून, सांबळाच्या तालावर, दिवट्यांच्या उजेडात एकेक करून मांडवात नाचत येतात. कोणतं सोंग कोणत्या घराने घ्यायचं हे ठरलेलं असतं. पहिलं सोंग गणपतीचं. त्याच्याआधी पाड्यात दुसरा मुखवटा दिसता कामा नये. आणि एकदा मुखवटा चढला की त्या माणसाने बोलायचं नाही आणि मांडवात देवापुढे पोचेपर्यंत तो उतरवायचा नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. आमच्या घराण्याला सोंगाचा मान नाही, आम्ही दिवट्या धरतो. तरीसुद्धा लाल तोंडाचा, पिवळ्या डोळ्यांचा मुखवटा करताना आणि चौकटीला साडीचे काठ लावताना मला एकदाही वाटलं नाही की आपण नक्की काय करतो आहोत.

संध्याकाळी मधल्या वळणावर जाळीत उभा राहिलो. पोत ओढल्यापासून ठमी आणि रविना जोडीने येत, पण ठमीने बोहाड्यासाठी सुट्टी घेतली होती, म्हणजे रविना एकटीच येणार होती. तिच्या यायच्या वेळेला थोडा अवकाश होता. करवंदीचे काटे जिथे टायर नव्हता तिथे सगळीकडे टोचत होते. तेवढ्यात रस्त्यावर पावलांचा आवाज आला. बरीच पावलं. मला वाटलं, टोळीच आहे. मी आरोळी ठोकून बाहेर उडी मारली.

समोर लहानी आत्या आरतीचं ताट घेऊन उभी. तिच्यामागे गळ्यात सांबळ अडकवलेला देवराम, आणि त्याच्यामागे अर्धा पाडा. बोहाड्याआधी वेशीवरच्या देवाला आमंत्रण द्यायला निघाले होते. दरवर्षी निघतात. मीच दरवर्षी दिवटी घेऊन पुढे असतो.

कोणी हललं नाही. मग एकेकाने हात जोडले.

"गणपतीच्या आधी हे कोणाचं सोंग निघालं गो?" कोणीतरी बाई म्हणाली.

मी मुखवट्याला हात घातला. आत्या ओरडली, "हात लावू नको! तोंडावरचं सोंग वाटेत उतरवतात काय? देवापुढं उतरव."

"आत्या, रविना..."

"सोंग बोलत नाय!"

देवरामने सांबळावर काठी मारली. काय करणार? मी नाचलो. हेल्मेट, टायर, पॅड आणि कामट्यांसकट तिथून पाड्यापर्यंत नाचत गेलो. बायकांनी टायरला कुंकू लावलं. मला सगळ्यांनी ओळखलं होतं, चालीवरूनच. पण सोंगाला नावाने हाक मारत नाहीत, म्हणून कोणी काही बोललं नाही. दर वळणाला मी मागे बघत होतो, आणि दर वेळी देवराम ताल वाढवत होता. त्याला वाटलं मला चेव आला आहे.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहितो. मध्ये थोडा वेळ मला फार बरं वाटलं. डिसेंबरानंतर पहिल्यांदा लोक माझ्याकडे बघून हात जोडत होते. तेवढा वेळ मी रविनाला विसरलो.

मांडवाशी पोचलो तेव्हा ती आली. एका पायात चप्पल नव्हती, बाही फाटलेली, हातांवर काट्यांचे ओरखडे. मोटरसायकल तिच्या मागे लागली होती. ती पिशवी टाकून जाळीत शिरली आणि ते दोघे रस्त्यावर मागे-पुढे फेऱ्या मारत असताना श्वास धरून बसून राहिली. मी सोडून आलो होतो त्याच वळणावर. हे मला नंतर ठमीकडून कळलं. रविनाने मला काहीच सांगितलं नाही. गर्दीतून तिने मुखवट्याकडे नुसतं बघितलं. ती रडली नाही, चिडली नाही, घरी निघून गेली. मी देवापुढे मुखवटा उतरवला. आत्याने नारळ फोडला आणि माझ्या तोंडाकडे न बघता म्हणाली, "जा आता घरी."

२३ मार्च, रविवार

ती म्हणाली, "मी तुला काय सांगितलं व्हतं? फाट्यावर ये. एवढंच ना? मंग एवढं सगळं कशापायी केलंस?"

मी म्हणालो की पुढच्या वेळी मुखवट्याचा रंग बदलतो.

२४ मार्च, सोमवार

रविना सकाळी कपडे भरून गेली. आसनगावला आईकडे राहणार आहे. "सुट्टीला येशील ना?" मी विचारलं. "बघते," ती म्हणाली. अगदी माझ्यासारखीच म्हणाली.

दिवसभर काहीच सुचलं नाही. घरात भांडं वाजलं तरी मला वाटायचं ती आहे. ती घरात नाही हे मला सहन होत नाही. एवढं साधं वाक्य लिहायला मला ही एवढी पानं लागली.

संध्याकाळी शर्ट घातला आणि फाट्यावर गेलो. ती येणार नाही हे माहीत होतं. मग का गेलो ते विचारू नये, मला सांगता येणार नाही. हरेशच्या टपरीसमोर उभा राहिलो.

"आज इकडं कुठं अनंत्या?"

"रिक्षाची वाट बघतोय."

"काम लवकर आटपलं वाटतं."

बाकडं भरलेलं होतं. सापगावचा तो डावीकडचाही होता. मी म्हणालो, "काम नाय. डिसेंबरपासून कंपनी बंद हाय. घरी बसून हाय मी."

मला वाटलं होतं, आता हसतील. हरेश म्हणाला, "ते माहीत हाय रे सगळ्यांना. हेल्मेट कोण घरून टाकतो?" आणि बाकड्यावरच्या एकाला सरकायला सांगून माझ्यासमोर चहा ठेवला. चहा खरंच फार गोड असतो. एवढं एक तरी मी खोटं लिहिलं नव्हतं.

रिक्षा आली. ठमी एकटीच उतरली. मला बघून म्हणाली, "दादा, रविना नाय आली." मी म्हणालो, "माहीत हाय. चल, तुझ्यासोबत येतो."

२७ मार्च, गुरुवार

रोज जातो. रविना काल सुट्टी असूनही आली नाही.

आज मधल्या वळणावर मागून मोटरसायकल आली. उजेड आमच्यावर पडला, गाडी हळू झाली. मी ठमीला कडेला घेतलं आणि मध्ये उभा राहिलो. अंगावर सुती शर्ट, हातात बॅटरी. तपासणी खात्यातल्या माणसाने स्वतःला काय शेरा द्यावा? शर्ट नापास, हे मी रविनाला आधीच सांगितलं होतं. मी बॅटरी त्यांच्या तोंडावर मारली. त्यांनी तोंड फिरवलं, गाडी दामटली आणि गेले. नंबर तेवढा ठमीने वाचला, माझे डोळे मिटले होते. घरी पोचल्यावर तिच्या नवऱ्याने तो पोलिसांना फोन करून सांगितला.

म्हणजे घडलं काहीच नाही. पण दाराची कडी दोनदा तपासून आलो.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी एकट्यानेच उभारली, जरा तिरकी. आत्याने विचारलं, रविना कुठं हाय? मी म्हणालो, "माझ्यावर रागावून आईकडं गेलीय." आत्या म्हणाली, "बरोबर केलं तिनं." आणि मला जेवायला वाढलं.

सणाचा दिवस असून ठमी कामावर होती, म्हणून संध्याकाळी फाट्यावर गेलो.

१ एप्रिल, मंगळवार

आज रिक्षातून आधी ठमी उतरली, मग आणखी एक बाई, आणि मग रविना. मी चहाचा ग्लास धरून उभा होतो. बोलायचं बरंच ठरवून ठेवलं होतं, त्यातलं एकही आठवेना.

"लोकल टाइमवर होती का?" मी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली.

चालायला लागलो. ठमी त्या बाईला घेऊन मुद्दाम पुढे गेली. रविना वळणापर्यंत पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिली. मग म्हणाली, "ठमी बोल्ली, तू रोज येतोस. मी नसले तरी."

"हो."

"हरेशच्या बाकड्यावर बसतोस."

"हो. कंपनी बंद झाल्याचं सांगितलं सगळ्यांना."

"मंग? काय बोलले?"

"त्यांना आधीच माहीत होतं."

ती अंधारात हसली असं मला वाटलं. खात्रीने सांगता येत नाही. मी म्हणालो, "रविना, त्या दिवशी तू जाळीत बसली होतीस आणि मी नाचत होतो. मला झोप लागत नाही." ती म्हणाली, "मला बी नाय लागत." तिचा हात मी कधी धरला ते मला कळलं नाही. तीच म्हणाली, "हळू धर, बांगडी फुटंल." मी हळू धरला, सोडला नाही.

अंगणात पोचल्यावर मी म्हणालो, "उद्या बुधवार, तुझी सुट्टी. म्हणजे संध्याकाळी आपण दोघं घरीच."

ती दार उघडता उघडता थांबली. "मला सुट्टी हाय," ती म्हणाली. "ठमीला नाय."